टायरचे वय

सौदा कसा करावा हे आपल्या समाजाला कोणी शिकवावे लागत नाही. २०२५ साली जैन इंटरनॅशनल ट्रेड ऑर्गनायझेशनने, म्हणजेच जितोने, आपल्या सभासदांसाठी १८६ महागड्या मोटारींचा सौदा घडवून आणला आणि त्यातून सुमारे २१ कोटी रुपयांची सवलत मिळवली, ही बातमी अनेक वाचकांना आठवत असेल. एकट्याने मागितलेली सवलत आणि एकत्र येऊन मागितलेली सवलत यांतील अंतर त्या आकड्यातून लख्ख दिसले. परंतु मोटारीचा व्यवहार शोरूमच्या दारात संपत नाही. काही वर्षांनी तिचे टायर बदलण्याची वेळ येते, आणि हा दुसरा सौदा बहुतेक घरांत घाईघाईने, पंक्चरवाल्याच्या सल्ल्याने किंवा केवळ भाव पाहून उरकला जातो. गाडी जितकी वेगवान, तितका हा दुसरा सौदा अधिक विचाराचा असतो. गेल्या वर्षी पावसाळ्यापूर्वी आमच्या कुटुंबात असा एक प्रसंग आला. त्यात जे पाहिले, वाचले आणि पडताळून घेतले, ते येथे मांडतो.

या विषयात बोलण्याचा मला अधिकार काय, असा प्रश्न कोणी विचारील. मी बँकेत नोकरी केली. त्यातील बरीच वर्षे बोईसर-तारापूरच्या औद्योगिक पट्ट्यात गेली. तेथे मालवाहतूकदारांना ट्रकसाठी कर्जे द्यावी लागत आणि तारण ठेवलेल्या गाड्यांची पाहणी करावी लागे. ट्रकमालकाच्या वहीत डिझेलखालोखाल मोठा खर्च टायरचा असतो, हे मी तेथे शिकलो. कोणता टायर रिमोल्ड केलेला, कोणता मूळचा, कोणता एका बाजूने झिजलेला, हे पाहिल्यावर मालक धंदा कसा करतो याचा अंदाज येत असे. कागदोपत्री नफा दाखवणाऱ्या कर्जदाराच्या ट्रकचे टायर गुळगुळीत असतील, तर तो नफा टायरमधून काढलेला असतो, असे आमचे एक जुने व्यवस्थापक म्हणत.

निवृत्तीनंतर मी एडवणला राहतो. आशापुरी देवीमुळे हे गाव दूरवरच्या लोकांनाही ठाऊक आहे. माझी थोरली बहीण बोईसरला दिलेली आहे. मेहुण्यांचा लोखंड-पोलादाचा जुना व्यापार आहे आणि भाच्याचा तारापूर औद्योगिक वसाहतीत वेष्टनसाहित्याचा कारखाना आहे. भाच्याने दोन वर्षांपूर्वी हौसेने एक वापरलेली पोर्श ७१८ केमन घेतली. गाडी २०१७ च्या बनावटीची, दोन आसनांची, इंजिन आसनांच्या मागे. आधीच्या मालकाने ती फार चालवलेली नव्हती. भाचाही ती रविवारी बाहेर काढी आणि एरवी ती आमच्या एडवणच्या घराच्या पडवीला लागून असलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये उभी असे, कारण बोईसरच्या इमारतीत तिला नीट जागा नव्हती. मे महिन्यात तो म्हणाला, "मामा, पाऊस सुरू झाला की आम्ही दोघे समृद्धीवरून शिर्डीला जाऊन येऊ म्हणतो. गाडी एकदा बघून ठेवाल का?"

समृद्धी महामार्ग म्हणजे ७०१ किलोमीटरचा सिमेंट-काँक्रीटचा रस्ता, आणि त्यावर मोटारींना ताशी १२० किलोमीटरची मुभा. डिसेंबर २०२२ मध्ये त्याचा नागपूर-शिर्डी हा पहिला टप्पा खुला झाला आणि त्यानंतर टायर फुटून झालेल्या अपघातांच्या बातम्या येऊ लागल्या. २०२३ मध्ये परिवहन विभागाने प्रवेशाच्या ठिकाणी टायर तपासण्यास आणि गुळगुळीत टायरच्या गाड्या परत पाठवण्यास सुरुवात केली. याचे कारण समजण्यासारखे आहे. धावताना टायर दर फेरीला थोडा दबतो आणि पुन्हा उसळतो. त्या दबण्या-उसळण्यातून उष्णता निर्माण होते. गावातील रस्त्यावर थांबत-थांबत जाताना ती निघून जाते. तासन्‌तास एकाच वेगाने धावताना ती साचत जाते. हवा कमी असेल तर टायर जास्त दबतो आणि जास्त तापतो. जुन्या किंवा दुखावलेल्या टायरला ते सोसत नाही.

मी शेडमध्ये जाऊन टायर पाहिले. नक्षी भरपूर होती. मोजली तेव्हा जवळपास सहा मिलिमीटर भरली. नव्या टायरची नक्षी साधारण आठ मिलिमीटर खोल असते आणि १.६ मिलिमीटर ही अखेरची मर्यादा मानतात. त्या मर्यादेसाठी खाचांच्या तळाशी लहान उंचवटे ठेवलेले असतात. नक्षी झिजून त्यांच्या पातळीला आली की टायर संपला. या हिशेबाने टायर उत्तम होते, आणि मेहुण्यांनीही तसेच म्हटले. "तुम्ही बँकवाले चांगल्या खात्यातही थकबाकी शोधता," असे ते हसून म्हणाले.

परंतु टायरच्या बाजूवर आणखी एक नोंद असते, जी फार थोडे लोक वाचतात. डीओटी या तीन अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी चार अंक असतात. पहिले दोन अंक आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. पुढच्या दोन्ही टायरवर ४६१६ असे होते, म्हणजे २०१६ सालचा ४६ वा आठवडा. गाडीबरोबर कारखान्यातून आलेले ते टायर साडेआठ वर्षांचे झाले होते. मागचे दोन टायर वेगळ्या कंपनीचे आणि २०२० चे होते. पुढच्या टायरच्या बाजूला, बोटाने दाबून ताणल्यावर, केसासारख्या बारीक चिरा दिसत होत्या.

येथे आम्हा वाणिज्य शाखेच्या लोकांना परिचित असलेला एक शब्द मदतीला येतो, तो म्हणजे घसारा. यंत्र वापरल्याने झिजते, तसेच ते केवळ काळ लोटल्यानेही जुने होते, म्हणून आपण वर्षाअखेरीस घसारा लावतो, मग यंत्र चालो वा बंद राहो. टायरचेही तसेच आहे. रबराला टिकाऊपणा येतो तो गंधकाबरोबर तापवल्याने. चार्ल्स गुडइयरला ही प्रक्रिया १८३९ मध्ये साधली. रबराच्या लांब साखळ्यांना गंधक एकमेकींशी बांधून ठेवते. पण हवेतील प्राणवायू, ओझोन, ऊन आणि उष्णता यांच्यामुळे ही बांधणी काळाबरोबर बदलत जाते, रबर कडक होते आणि त्याची पकड कमी होते. ओझोनपासून रक्षण व्हावे म्हणून रबरात एक प्रकारचे मेण मिसळलेले असते. टायर फिरत राहिला, दबत-उसळत राहिला, म्हणजे ते मेण पृष्ठभागावर येत राहते. गाडी महिनोन्‌महिने उभी राहिली की ते येणे मंदावते आणि बाजूला चिरा पडू लागतात. म्हणजे जी गाडी आपण जपून, झाकून ठेवतो, तिचेच टायर नक्षी शाबूत असताना म्हातारे होतात. हौसेच्या गाड्यांचा हाच खरा धोका आहे.

पोर्श कंपनी सहा वर्षांपेक्षा जुने टायर वापरू नयेत असे सांगते. इतर अनेक मोटारकंपन्यांचा सल्लाही सहा वर्षांच्या आसपासचा आहे आणि काही टायरकंपन्या दहा वर्षे ही कमाल मर्यादा मानतात. हा सल्ला विक्री वाढवण्यासाठी असेल, असे मेहुण्यांना वाटले. तेव्हा भाच्याने एक सर्वज्ञात प्रकरण सांगितले. ३० नोव्हेंबर २०१३ रोजी कॅलिफोर्नियातील सांता क्लॅरिटा येथे हॉलिवूडचा अभिनेता पॉल वॉकर आणि त्याचा मित्र पोर्श कॅरेरा जीटी या गाडीच्या अपघातात मरण पावले. गाडी मित्र चालवत होता. पुढील मार्चमध्ये तपासाचा निष्कर्ष जाहीर झाला. ताशी ४५ मैलांची मर्यादा असलेल्या रस्त्यावर गाडीचा वेग ८० ते ९३ मैल, म्हणजे सुमारे १३० ते १५० किलोमीटर होता. वेग हेच कारण ठरले. पण त्याच निष्कर्षात असेही नोंदवले गेले की गाडीचे टायर नऊ वर्षांचे होते आणि त्यामुळे गाडीच्या हाताळणीवर परिणाम झाला असावा. त्या गाडीला पैशाची उणीव नव्हती. टायरच्या वयाकडे कोणाचे लक्ष गेले नव्हते, इतकेच.

माझी बहीण तोवर शांतपणे ऐकत होती. तिला पॉल वॉकर ठाऊक नव्हता, पण चारोटी ठाऊक होती. ४ सप्टेंबर २०२२ रोजी चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर सायरस मिस्त्री यांचा मोटार अपघातात मृत्यू झाला, तेव्हापासून आमच्या पालघर जिल्ह्यातील घरोघरी त्या महामार्गाचे नाव थोड्या धास्तीने घेतले जाते. त्या अपघातानंतर चर्चा झाली ती मागच्या आसनावरील सीटबेल्टची. टायरचा तेथे संबंध नव्हता. बहिणीचे म्हणणे एवढेच होते की उत्तमातील उत्तम गाडीही माणसाला वाचवीलच असे नाही. ती म्हणाली, "सून बरोबर जाणार आहे. टायर बदलल्याशिवाय गाडी शेडबाहेर काढायची नाही."

मग प्रश्न उरला कोणते टायर घ्यायचे. मेहुण्यांनी व्यापाऱ्याला शोभतील असे तीन पर्याय एकामागून एक मांडले आणि आम्ही प्रत्येकाचा विचार केला.

पहिला पर्याय, फक्त पुढचे दोन बदलावेत. या गाडीला पुढे २३५/४० झेडआर १९ आणि मागे २६५/४० झेडआर १९ असे वेगवेगळ्या रुंदीचे टायर लागतात. २३५ म्हणजे मिलिमीटरमध्ये रुंदी, ४० म्हणजे बाजूची उंची रुंदीच्या ४० टक्के, आणि १९ म्हणजे इंचांत चाकाचा व्यास. पुढचे-मागचे टायर अदलाबदल करता येत नाहीत. पुढे नवे, घट्ट पकडीचे आणि मागे पाच वर्षांचे, दुसऱ्या बनावटीचे टायर असले, तर ओल्या वळणावर पुढची चाके रस्ता धरतील आणि मागची घसरतील. मागून सुटलेली गाडी सावरणे सामान्य चालकाच्या हातचे नसते. म्हणूनच दोनच टायर घ्यायचे असतील तर चांगले टायर मागे असावेत असे तज्ज्ञ सांगतात. येथे ते शक्य नव्हते, कारण म्हातारे टायर पुढचे होते. तेव्हा चारही बदलणे आले.

दुसरा पर्याय, त्याच मापाचे पण कमी वेगश्रेणीचे स्वस्त टायर घ्यावेत. टायरवर मापानंतर एक आकडा आणि एक अक्षर असते. या गाडीला पुढे ९२ वाय आणि मागे ९८ वाय हवे. ९२ म्हणजे एका टायरने ६३० किलो भार पेलावा, ९८ म्हणजे ७५० किलो. अक्षर वेगाचे. एच म्हणजे ताशी २१०, व्ही म्हणजे २४०, डब्ल्यू म्हणजे २७० आणि वाय म्हणजे ३०० किलोमीटर. "आपल्या रस्त्यावर तीनशेने कोण जाणार आहे?" हा मेहुण्यांचा प्रश्न अगदी रास्त होता. पण हे अक्षर केवळ वेगाची परवानगी नसते. टायर किती उष्णता सोसतो आणि त्याची आतली बांधणी किती घट्ट आहे, हे त्यावरून कळते. गाडीचे ब्रेक, निलंबन आणि घसरण रोखणारी विजेची यंत्रणा त्या बांधणीला धरून जुळवलेली असते. शिवाय कंपनीने ठरवलेल्या श्रेणीपेक्षा खालचा टायर बसवला, तर उद्या विम्याच्या दाव्यात त्यावर बोट ठेवले जाऊ शकते. पोर्श स्वतः तपासून मान्य केलेल्या टायरवर एन हे अक्षर आणि एक आकडा छापून घेते, जसे एन-०, एन-१. बीएमडब्ल्यू तारा छापते, मर्सिडीज एमओ ही अक्षरे. खूण असलेलाच टायर घ्यावा अशी सक्ती कायद्यात नाही. पण ज्याला टायरमधले फारसे कळत नाही, त्याच्यासाठी ती खूण म्हणजे जाणत्याने केलेली पारख असते.

तिसरा पर्याय, थोडे वापरलेले परदेशी टायर घ्यावेत. एका दुकानदाराने ते निम्म्या भावात देऊ केले होते. आतून डागडुजी झाली आहे का, खड्ड्यात आदळून धागे तुटले आहेत का, हे बाहेरून दिसत नाही. केमनच्या पुढच्या टायरच्या बाजूची उंची हिशेबाने ९४ मिलिमीटर भरते, साध्या घरगुती मोटारीची त्याहून बरीच अधिक असते. इतक्या बुटक्या बाजूवर खड्ड्याचा मार थेट बसतो आणि कधीकधी तेथे फुगा येतो. असा टायर कोणी, कोणत्या रस्त्यावर वापरला हे ठाऊक नसताना तो घेणे म्हणजे हिशेबाच्या वह्या न पाहता भागीदारी करणे. मेहुण्यांनी हा पर्याय स्वतःच मागे घेतला.

आता प्रकार ठरवायचा होता. वेगवान गाड्यांच्या टायरमध्ये दोन मोठे वर्ग दिसतात. एक शर्यतीच्या मैदानाकडे झुकणारा, दुसरा रोजच्या रस्त्याचा. उदाहरणार्थ, मिशेलिनच्या पायलट स्पोर्ट कप २ या टायरवर झीज दाखवणारा अंक १८० आहे, तर पायलट स्पोर्ट ४ एस वर ३००. अंक जितका लहान तितके रबर मऊ, पकड चिकट आणि आयुष्य थोडे. मैदानी वर्गातील टायरला खाचा कमी असतात, म्हणून कोरड्यावर तो अप्रतिम आणि साचलेल्या पाण्यात कमकुवत. रुंद टायरपुढे पाणीही अधिक येते. ते खाचांतून वेळेत बाहेर पडले नाही तर टायर पाण्यावर तरंगतो आणि सुकाणूला अर्थ उरत नाही. एडवणहून महामार्गाला जाताना सफाळे, तांदुळवाडीचा घाट आणि वरई फाटा असा रस्ता आहे. जून ते सप्टेंबर आमच्याकडे पाऊस कसा कोसळतो हे किनाऱ्यावरच्या माणसाला सांगायला नको. म्हणून खोल खाचांचा, रस्त्याचा टायर हेच उत्तर होते. याच वर्गाला परदेशात उन्हाळी टायर म्हणतात, कारण सुमारे ७ अंशांखाली त्याचे रबर कडक होते. कोकणात ती चिंता नाही.

मिळण्याची अडचण मात्र होती. १२ जून २०२० रोजी केंद्र सरकारने मोटारींच्या टायरची आयात मुक्त यादीतून काढून निर्बंधित यादीत टाकली. तेव्हापासून परदेशातून टायर आणायला परवाना लागतो. देशी उद्योगाला त्याचा लाभ झाला, पण येथे न बनणाऱ्या मापांसाठी थांबावे लागू लागले. चार टायर जमायला आम्हाला तीन आठवडे लागले. दुकानदाराने मध्यंतरी "जुन्या साठ्यातले आहेत, लगेच देतो" असे सुचवले होते. भाच्याने डीओटीचे चार अंक फोनवर विचारून घेतले आणि नकार दिला. एकूण रक्कम एका चांगल्या मोटारसायकलीएवढी झाली. तेव्हा टायरवर २८ टक्के वस्तू व सेवा कर होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो १८ टक्के झाला आहे, ही आता खरेदी करणाऱ्यांच्या दृष्टीने चांगली गोष्ट.

बसवताना घडलेला प्रसंग माझ्या अधिक लक्षात राहिला. दुकानदार म्हणाला, "जुन्या चार टायरला बरा भाव देतो. नक्षी भरपूर आहे, पॉलिश केले की लगेच जातील." रक्कम नगण्य नव्हती. पूर्ण वेळ काटकसरीची बाजू लढवणारे मेहुणे तेथे उभे होते. आम्हाला वाटले, आता ते भाव करतील. त्यांनी पुढच्या टायरच्या चिरा पुन्हा एकदा बोटाने दाबून पाहिल्या आणि म्हणाले, "आमच्या धंद्यात नापास माल पहिल्या प्रतीचा म्हणून विकला तर छप्पर कोणावर पडायचे ते आपल्याला कळत नाही, पण पडते. हे टायर माझ्या मुलाला चालत नाहीत, तर दुसऱ्याच्या मुलाला कसे चालतील? माझ्यासमोर पुढचे दोन्ही कापा." ते कापले गेले. मागचे दोन त्यांनी वय सांगून, पावतीवर लिहून दिले. टाकाऊ टायरची विल्हेवाट लावण्याची जबाबदारी उत्पादक आणि आयातदारांवर टाकणारे नियम २०२२ मध्ये आले आहेत. पण नियमाआधी व्यापाऱ्याची नियत असते, आणि ती मी त्या दिवशी पाहिली.

ज्यांच्या घरी अशी गाडी आहे, किंवा साधी गाडीही आहे, त्यांच्यासाठी काही गोष्टी सांगून थांबतो. हवा टायर थंड असताना, सकाळी, गाडी चालवण्यापूर्वी तपासावी. दाब किती हवा ते दाराच्या चौकटीवर किंवा इंधनाच्या झाकणाच्या आत लिहिलेले असते, पुढचा आणि मागचा वेगळा असू शकतो. नायट्रोजन भरल्याने चमत्कार होत नाही. साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो. नियमित तपासणी अधिक मोलाची. बहुतेक वेगवान गाड्यांना स्टेपनी नसते. २०२० पासून आपल्या नियमांनीही, दाबाची सूचना देणारी यंत्रणा आणि दुरुस्तीचे साहित्य असेल तर, मोटारींना स्टेपनीतून सूट दिली आहे. तेव्हा ते साहित्य गाडीत आहे का आणि त्यातील द्रवाची मुदत संपली आहे का, हे निघण्यापूर्वी पाहावे. उभी राहणारी गाडी पंधरा दिवसांतून एकदा दहा-वीस किलोमीटर फिरवावी आणि तिच्या टायरवर थेट ऊन येऊ देऊ नये.

आणि दिवाळीत नवी वही घालाल तेव्हा तिच्या आतल्या पानावर घरातील प्रत्येक गाडीच्या चारही टायरचे ते चार अंक लिहून ठेवा. पुढच्या दिवाळीला वही बदलताना ते आपोआप नजरेस पडतील आणि वजाबाकी तुम्हाला येतेच.